डोंगराच्या रंगाची गाडी

आमच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा पहिला वाद झाला तो हॉर्नवरून. गाडीचा अजून पत्ता नव्हता. पण बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला तिचा हॉर्न कसा वाजावा याबद्दल ठाम मत होतं. मोठ्या बाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं म्हणणं असं, की हॉर्न एका आवाजाचाच असावा, दोन आवाजांचा म्हणजे बँडबाजा. वडिलांना दोन आवाजांचाच हवा होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार. हे वर्ष पन्नास आणि साठच्या मधलं कुठलंतरी, कपाशी चांगली पिकलेलं. मी चौथीत होते.

आमचं गाव अकोल्याहून अकोटला जाताना पूर्णेच्या अलीकडे. सगळी काळी जमीन, सपाट. आमच्यासारख्या वतनदार म्हणवणाऱ्या घरांत तेव्हा बायकांना गोषा होता. पुण्याकडच्या लोकांना मी हे सांगते तेव्हा ते भुवया वर करतात आणि म्हणतात, तुमच्यातसुद्धा? हो, आमच्यातसुद्धा. आमच्या शेतात निंदायला येणाऱ्या बायका सगळं शिवार बघत. शिवाराच्या मालकिणीनं, म्हणजे माझ्या आईनं, ते कधी बघितलं नव्हतं. तिला दिसायचं ते मधल्या चौकातून आभाळ, तेही चौकटीत बसवल्यासारखं. माहेरी जायचं तर मागच्या दारी दमणी लागायची, चारी बाजूंनी पडदे सोडलेली बैलगाडी. दारापासून दमणीपर्यंत दोन गडी पाठ फिरवून चादर धरून उभे राहायचे, आणि त्या आडोशातून ती चढायची. गावातल्या कित्येकांनी माझ्या आईचा आवाजही ऐकला नव्हता, आणि याचा आमच्या घराला अभिमान होता.

आणखी एक रीत होती. थोरल्या भावासमोर धाकट्यानं बायकोशी बोलायचं नाही. मोठे बाबा दिवसभर बैठकीत, त्यामुळे वडिलांचं आणि आईचं दिवसाचं सगळं बोलणं माझ्या तोंडून चालायचं. ‘तुह्या मायले विचार’ आणि ‘तुह्या बापाले सांग’ या दोन वाक्यांवर मी लहानाची मोठी झाले. बैठकीतून माजघरात, माजघरातून बैठकीत. निरोप जसाच्या तसा पोचवण्याचा मला गर्व होता. शाळेत कविता पाठ म्हणताना मी चुकायचे, निरोपात कधी नाही.

तर गाडी. वडील अकोल्याला एजंटकडे जाऊन आले आणि येताना रंगांचं कार्ड घेऊन आले. जाड पुठ्ठ्याचं, घडीचं, आत नखाएवढे रंगांचे चौकोन चिकटवलेले. काळा, मलईचा, राखाडी, एक मातकट लाल, आणि एक फिकट, धुरकट निळा. बैठकीत ते कार्ड हातोहात फिरलं. मोठे बाबा म्हणाले, काळी घे. कलेक्टरची काळी असते. कुणी म्हणालं, काळी उन्हात तापते, आपला उन्हाळा म्हणजे काय ते गाडीला माहीत नाही. कुणी म्हणालं, मलईच्या रंगावर आपली माती दिसेल. सगळ्यांचं बोलून झाल्यावर वडिलांनी कार्ड मिटलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले,

“जाय, तुह्या मायले विचार कोनता पाह्यजे.”

बायकोला साडीचा रंग विचारतात, गाडीचा नाही. मोठ्या बाबांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही, पण अडकित्त्याचा आवाज जरा मोठा झाला. मला आजही वाटतं, माझ्या वडिलांनी आयुष्यात केलेलं ते सगळ्यांत धाडसाचं काम असेल. आणि तेवढ्यावरच ते संपलं याचा मला अजून राग येतो.

आईनं कणकेचे हात धुतले, पदराला पुसले आणि कार्ड घेऊन ती चौकात उजेडाखाली गेली. तिला वाटलेलं आश्चर्य तिनं दाखवलं नाही. एकेका चौकोनावर बोट ठेवून ती बघत होती. मग त्या धुरकट निळ्यावर बोट थांबलं.

“हा,” ती म्हणाली. “हा डोंगराचा रंग हाय.”

मला काही कळलं नाही. डोंगर हिरवे असतात असं आमच्या पुस्तकात होतं. तेव्हा तिनं मला सांगितलं, चौकातच उभ्याउभ्या, आणि इतकं सलग ती क्वचितच बोलायची. तिचं माहेर परतवाड्याच्या अलीकडचं. लग्नाआधी, परकरात असताना, तिचे वडील तिला उघड्या छकड्यात घालून अंजनगावच्या बाजाराला न्यायचे. दिवाळीनंतर हवा धुतल्यासारखी झाली की सातपुडा त्या रंगाचा दिसायचा.

“घराच्या माडीवरून पाह्यला तर तो नुसता उभा राह्यते,” आई म्हणाली. “पन रस्त्यानं चाललं ना, का तो संगं चालते. आपन थांबलो का थांबते. बैल पयाले का पयते.” बैल पळाले की डोंगरही पळतो, असं ती सांगत होती, आणि सांगताना माझ्याएवढी झाली होती.

मग लग्न झालं. नवरीची दमणी त्याच रस्त्यानं आली, पडदे सोडून. त्यानंतर ती त्या रस्त्यानं कितीदा तरी गेली आणि आली. डोंगर बाहेर चालत असणार, एवढं तिला माहीत असायचं.

मी बैठकीत जाऊन सांगितलं, निळा. वडील हसले. मोठे बाबा म्हणाले, “निया तं निया. पान्यापावसात उभी राह्यली तं दिसनारच नाई.” हा त्यांचा होकार होता.

आता बाकीच्या हौशी. पुढचे चार-सहा आठवडे बैठकीला दुसरा विषय नव्हता. वडिलांना चाकांना पांढऱ्या पट्ट्याचे टायर हवे होते, आणि मधे चकचकीत झाकणं, ज्यात तोंड दिसेल अशी. मोठे बाबा म्हणाले, “काया मातीत पांढरे मोजे कोन घालते बा?” पण हौसेला मोल नसतं. टायर आले. पुढे चिखलाच्या दिवसांत ड्रायव्हर रोज सकाळी बादली घेऊन तो पट्टा घासायचा आणि संध्याकाळपर्यंत तो परत काळा व्हायचा, ते वेगळं. टपावर सामानाचा कॅरिअर हवा, कारण लग्नकार्याला भांडी न्यावी लागतात. समोरच्या फळीवर छोटा पंखा हवा. रेडिओ नको, कारण मोठ्या बाबांच्या मते चालत्या गाडीत बातम्या ऐकणाऱ्याचं रस्त्यावर लक्ष राहत नाही. हॉर्न शेवटी दोन आवाजांचाच ठरला. एजंटचा माणूस एकदा घरीच आला आणि प्रत्येक गोष्ट विचारून घेऊ लागला. सीटचं कापड कसं? पायाखाली रबर की काथ्या? एक गोष्ट मात्र त्यानं विचारली नाही. जाता जाता म्हणाला, “आन् पडद्याचे दांडे तं बसवतोच आमी. तुमच्यासारख्या घरी हे असतेच.”

मागच्या तिन्ही काचांना पितळी दांडे आणि पुढच्या-मागच्या सीटच्या मधे एक. ती हौस नव्हती. ते दांडे गाडीबरोबर यायचेच, चाकं येतात तसे.

मी हे आत जाऊन सांगितलं, कारण आई सगळं विचारून घेत असे. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

“काचा असते म्हने ना गाडीले?”

“असतात.”

“मंग पडदे काहून?” तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, “तुह्या बापाले विचार. म्हना, आई विचारून राह्यली, पडदे लावाच लागते काय.”

माझ्या आईनं घरात मागितलेली ही पहिली गोष्ट. लुगडं, दागिना, माहेरी आठ दिवस जास्त राहणं, यातलं काही तिनं कधी मागितलेलं मला आठवत नाही. तिला एक खिडकी हवी होती, तीही चालत्या गाडीची, वर्षातून दोनदा. आणि रंगाचं कार्ड आत आलं नसतं तर तिनं हेही मागितलं नसतं. विचारलं म्हणून तिला वाटलं, आपलं ऐकतात.

मी बैठकीत उभी राहून निरोप सांगितला, शब्द न् शब्द. वडिलांनी मोठ्या बाबांकडे बघितलं. मोठ्या बाबांनी माझ्याकडे. ते वाईट माणूस नव्हते. माझ्यावर त्यांचा जीव होता, त्यांच्या ताटातला पहिला घास ते मला द्यायचे. ते शांतपणे म्हणाले,

“गाडीले लाज नसते पोरी. घराले असते.”

वडील काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. त्यांच्या मांडीवर ते रंगांचं कार्ड होतं, त्याची घडी ते उलगडत होते, परत घालत होते. दोन आवाजांच्या हॉर्नसाठी हा माणूस भावाशी आठवडाभर भांडला होता. पांढऱ्या पट्ट्यांसाठी त्यानं जेवण सोडायची धमकी दिली होती. मी उभी होते.

“तिले सांग,” वडील शेवटी म्हणाले, “पडदे तिच्याच पसंतीचे घेऊ.”

हे त्यांनी प्रेमानं म्हटलं. हे मला पक्कं माहीत आहे, आणि म्हणूनच ते इतकं लागतं. आईला मी सांगितलं. ती “बरं” म्हणाली आणि भाकरी उलटली. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, “पातय पाह्यजे म्हना. पांढरं, पातय.” पातळ कापडातून निदान उजेड दिसतो, असा तिचा हिशेब. पण पातळ कापडातून बाहेरूनही दिसतं, हा मोठ्या बाबांचा हिशेब. वडील अमरावतीला गेले तेव्हा तिथल्या मोठ्या दुकानातून जाड, भारी कापड घेऊन आले. रंग मात्र गाडीच्या रंगाशी मिळणारा, निळाच. त्यासाठी ते कार्ड खिशात घालून दुकानोदुकानी फिरले होते आणि ते सगळ्यांना कौतुकानं सांगत होते.

तेव्हा गाडी मागितली आणि मिळाली असं नव्हतं. वाट बघावी लागायची. मधे एकदा एजंटचा निरोप आला, मलईच्या रंगाची तयार आहे, हवी तर उद्या न्या. मोठे बाबा म्हणाले, घेऊन टाक. वडील नाही म्हणाले. निळी येईल तेव्हाच घेऊ. हंगाम गेला, दुसरा आला. लोकांनी विचारून विचारून भंडावलं. वडील आपले निळ्यावर अडून. मला बैठकीतून आत पाठवून त्यांनी मुद्दाम सांगायला लावलं, “तुह्या मायच्या रंगापायी परत केली म्हना.” आईनं ते ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता का? होता. थोडा होता.

निळी आली ती दुपारी. अंगणात उभी राहिली तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं. बायकांनी मात्र पुरुष पांगल्यावर, फाटक लावून घेतल्यावर, तिला ओवाळलं. आईनं कुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि मग टपाच्या कडेवरून हळूच हात फिरवला.

“रंग बराबर हाय,” ती म्हणाली.

पहिला प्रवास अर्थातच परतवाड्याचा. परत तेच, मागच्या दारी चादर, दोन गड्यांच्या पाठी, आणि आई मागच्या सीटवर निळ्या अंधारात. मी लहान, म्हणून मला पुढे, वडील आणि ड्रायव्हरच्या मधे बसवलं. अकोट गेलं. अंजनगावच्या वाटेला लागलो तसा डाव्या हाताला सातपुडा दिसायला लागला. तो खरोखरच आमच्या गाडीच्या रंगाचा होता. मी टाळी वाजवली असेल, कारण मागून पडद्याआडून आईचा आवाज आला.

“आला काय?”

“आला,” मी म्हणाले.

“संगं चालते ना?”

“चालतोय.”

“पुढं हाय का मांगं पडला?”

मी सांगत गेले. आता एक टेकडी मागे राहिली. आता मधे झाडी आली, दिसत नाही. आता आला परत. आता पळतोय. वडील समोर बघत बसले होते. त्यांच्या आणि आईच्या मधे एक जाड निळा पडदा आणि मी. त्या दिवशी मला वाटलं, किती मजा आहे. पुढे कितीतरी वेळा आम्ही तसेच गेलो आणि मी रस्ताभर डोंगर सांगत गेले. उन्हाळ्यात तो मातकट व्हायचा, तरी मी निळाच सांगायचे, कारण तिला तो तसा आवडायचा.

मग मला शिकायला अमरावतीला ठेवलं. काळ बदलत होता म्हणतात, तो आमच्या घरात माझ्यापुरता बदलला. मी उघड्या सायकलरिक्षात बसून शाळेत जायचे, पुढे कॉलेजात सायकलवर. अंबादेवीच्या देवळापासून राजकमल चौकापर्यंत मला सगळं गाव बघायचं आणि मी सगळ्या गावाला. मोठे बाबा मला काही बोलले नाहीत. शिकणाऱ्या पोरीला काय म्हणायचं, त्यांचे नियम सुनांसाठी होते. सुट्टीत घरी आले की आई मला बाहेरचं विचारायची, आणि मी घाईघाईनं सांगायचे. मी नसताना परतवाड्याच्या वाटेवर तिला डोंगर कोण सांगत होतं, कोण जाणे. कुणीच नसावं.

साठ सालानंतर काही वर्षांनी मोठे बाबा गेले. वर्षश्राद्ध झालं आणि एके दिवशी वडिलांनी ड्रायव्हरला बोलावून पडद्यांचे दांडे काढायला लावले. पितळ काढलं तिथे मूळ रंगाचे ठिपके राहिले, गडद. बाकी गाडी उन्हानं उडून राखेसारखी झाली होती. टायरांचे पांढरे पट्टे कधीच गेले होते, साधे काळे आले होते. पंखा बंद. दोन आवाजांतला एक गेलेला. मी सुट्टीवर होते. वडील माजघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि माझ्या मध्यस्थीशिवाय आईला म्हणाले,

“चाल. परतवाड्याले जाऊन येऊ. पडदे काढून टाकले म्या.”

दिवाळी होऊन गेली होती. त्यांनी दिवससुद्धा निवडून काढला होता. मला इतका आनंद झाला, की मी आईला अमरावतीहून आणलेली नवी साडी नेसायला लावली. या खेपेला चादर धरायला कुणी नव्हतं. आई दारातून गाडीपर्यंत चालली ती भिंतीला धरून.

मी तिच्या शेजारी मागे बसले. वडील पुढे. अकोटात एक एसटी आमच्या बाजूला थांबली आणि तिच्या खिडक्यांतून माणसं सहज खाली बघू लागली, जशी बघतात. आईनं पदर नाकापर्यंत ओढला. मग हनुवटीपर्यंत. दोन्ही हातांनी तो घट्ट धरून ती खाली वाकली. एसटी गेली तरी तिनं तो सोडला नाही. अंजनगावच्या वाटेला लागलो. वडिलांनी ड्रायव्हरला हळू चालवायला सांगितलं. हवा लख्ख होती. सातपुडा तिनं कार्डावर बोट ठेवलं होतं त्याच रंगाचा होता, नव्या गाडीच्या रंगाचा.

“आता पाह्य ना,” वडील वळून म्हणाले. “काच बी खाली करू काय?”

आईनं पदराआडून मान हलवली. नाही.

“अवं पाह्य तं. कोनी नाई रस्त्यानं.”

“उजेड लय लागते,” ती म्हणाली. “मले नाई होत आता. पडदे लावून घेजा बाप्पा.”

वरातीमागून घोडं. मी तिच्या दंडाला धरलं होतं. मला वडिलांचा राग येत होता, मेलेल्या मोठ्या बाबांचा येत होता, आणि खरं सांगायचं तर तिचाही येत होता, की आता खिडकी मिळाली आहे तर बघ ना बाई. गाडी चालत राहिली. थोड्या वेळानं पदराच्या आतून, अगदी जुन्या आवाजात, तिनं विचारलं,

“आला काय?”

मी बोलणार होते. त्याआधीच पुढच्या सीटवरून, मागे न बघता, वडील म्हणाले,

“आला.”

“संगं चालते ना?”

“चालून राह्यला,” वडील म्हणाले. मग काचेकडे तोंड करून ते परतवाड्यापर्यंत सांगत गेले. टेकडी आली, झाडी आली, आता पुन्हा दिसतोय. त्यांना माझ्यासारखं सांगता येत नव्हतं. तेच तेच शब्द परत यायचे. आई पदराआड ऐकत होती आणि मधेच “हं” म्हणत होती.

परत आल्यावर त्यांनी पडदे पुन्हा लावले, स्वतःच्या हातानं. ते जुनेच, जाड निळे. ती गाडी पुढे विकली. आई गेली. वडील म्हातारपणी माझ्याकडे अमरावतीला राहायचे, आणि दुपारी चहाच्या वेळी, मधेच केव्हातरी, मला विचारायचे, “रंग तं तिच्याच पसंतीचा घेतला होता ना आपन?”

मी हो म्हणायचे. घेतलाच होता.